एवढ्याशा पोरांना हे शिकवायचं कशाला? 'सुरक्षित स्पर्श'च्या तासाबद्दल पालक विचारतात ते सगळं

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या नाहीतर दुसऱ्या पालकसभेत हा विषय निघतो. मुलांना सुरक्षित स्पर्श, असुरक्षित स्पर्श शिकवणार आहोत असं सांगितलं की आधी सगळे गप्प बसतात आणि मग मागून कोणीतरी म्हणतं, बाई ते मोठ्या वर्गांना शिकवा ना, पहिलीतल्या पोराला काय कळतंय त्यातलं. मी सिंधुदुर्गात जिल्हा परिषदेच्या शाळेत लहान वर्गांना शिकवते आणि हे प्रश्न दरवर्षी ऐकते, सभेत कमी आणि सभा संपल्यावर व्हरांड्यात जास्त, कारण चारचौघांत विचारायला लाज वाटते. प्रश्न बरोबरच आहेत. आपल्या पोराला कोण काय शिकवतंय हे आईवडिलांनी विचारलंच पाहिजे, म्हणून हे एकदा नीट लिहून काढते.

आधी त्या तासात नेमकं काय असतं ते सांगते, कारण निम्मी भीती ते माहीत नसल्यामुळेच असते. मूल कसं होतं, नवराबायको काय करतात यातलं एक अक्षरही पहिली-दुसरीला सांगत नाहीत. सांगतात ते असं, की तुझं शरीर तुझं आहे, कपड्याच्या आत झाकतो त्या जागा खासगी आहेत, म्हणजे छाती, शूची जागा, शीची जागा, मांड्यांच्या मधला भाग. आंघोळ घालताना, शी-शू नंतर धुताना आणि दुखलंखुपलं म्हणून औषध लावताना किंवा डॉक्टरांनी तपासताना, एवढी कारणं सोडून तिथे कोणी हात लावायचा नाही, बघायचं नाही, फोटो काढायचा नाही, आणि त्यांच्या तसल्या जागेला हात लावायला किंवा ती बघायलाही तुला कोणी सांगायचं नाही. कोणी तसं केलं तर नाही म्हण, जमलं तर तिथून निघ, आणि नाही जमलं तरी चालेल पण आपल्या माणसाला येऊन सांग. ती आपली माणसं कोण हे मुलाने आधीच ठरवून ठेवायचं, घरातली दोन-तीन आणि घराबाहेरचं एखादं, म्हणजे बाई, अंगणवाडीच्या ताई, मावशी, जे असेल ते. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगायचं, ऐकेपर्यंत सांगायचं. आणि शेवटी एक वाक्य दहा वेळा म्हणून घेतात, की यात तुझी चूक नाही. पहिली-दुसरीचा तास एवढाच.

अंगणवाडीत यातलंही थोडंच, शरीराच्या अवयवांची नावं आणि आपली आपण चड्डी घालणं. तिसरी-चौथीत मोबाईल, फोटो, गेममध्ये चॅट करणारी अनोळखी माणसं हा भाग जोडतात. पाळी, वयात येणं वगैरे त्याच्या पुढचं, तो वेगळा विषय आहे आणि त्याचा तासही वेगळा असतो.

काही पालक म्हणतात की साधं चांगला स्पर्श वाईट स्पर्श सांगा की, नियम कशाला. त्याचं कारण असं आहे की गुदगुल्या केल्यासारखा स्पर्श मुलाला त्या क्षणी वाईट वाटेलच असं नाही, आणि आरोग्य केंद्रात इंजेक्शन घेताना दुखतं पण ते सुरक्षित असतं. मुलाला आपल्याला काय वाटलं त्यावरून निर्णय घ्यायला लावला की ते गोंधळतं, आणि पुढे कळतं झाल्यावर आपल्याला तेव्हा वाईट का नाही वाटलं म्हणून स्वतःलाच दोष देत बसतं. नियम सरळ असला की ही भानगड राहत नाही. अवयवांच्या नावांचंही तेच, घरात लाडाने काहीही म्हणा पण शाळेतल्या बाईंना आणि डॉक्टरना कळेल असा एक शब्द मुलाला माहीत पाहिजे, नाहीतर मूल सांगतं आणि समोरच्याला पत्ताच लागत नाही की ते कशाबद्दल बोलतंय.

एका सभेत एक आजी उभ्या राहिल्या. मुलगा-सून मुंबईला, नातू लहानपणापासून यांच्याकडे, अशी घरं आपल्याकडे वाडीवाडीत आहेत. त्या म्हणाल्या, "बाय, मगे मी ह्येका आंघोळ घालूची नाय?" दोघीतिघी हसल्या, पण आजी हसत नव्हत्या, त्यांना खरंच काळजी पडलेली की उद्या हे पोर मला हात लावू देणार नाही आणि वर शाळेत जाऊन माझंच नाव सांगेल. मला तो प्रश्न फार मोलाचा वाटला कारण बाकी सगळे मनात तेच म्हणत होते. मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगते. आंघोळ घाला, खुशाल घाला. आंघोळीला कारण आहे, स्वच्छतेचं. ती सगळ्या घराला माहीत असते, त्यात लपवण्यासारखं काही नसतं, आणि आंघोळीत काय झालं हे मूल कोणालाही सांगू शकतं. असुरक्षित स्पर्शात उलटं असतं, कारण काही नसतं आणि सांगायची बंदी असते. एवढा फरक मुलाला समजतो, आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर समजतो. फक्त पाच-सहा वर्षांचं झालं की खालची जागा त्याची त्याला धुवायला शिकवा, तुम्ही पाणी ओता आणि साबण हातात द्या. आजींनी मान हलवली आणि खाली बसताना शेजारणीला म्हणाल्या की ह्यां बरां आसा, माझी कंबर तरी वाकूची नाय.

दुसरी मोठी काळजी म्हणजे मूल घाबरेल. सगळ्यांकडे संशयाने बघेल, रात्री झोपणार नाही, निरागसपणा जाईल. याचा अभ्यास झालेला आहे. २०१५ साली कॉक्रेन नावाच्या संस्थेने अशा शालेय कार्यक्रमांच्या २४ चाचण्या एकत्र करून तपासल्या, मिळून ५,८०२ मुलं होती, अमेरिका, कॅनडा, जर्मनी, स्पेन, तुर्कस्तान, चीन, तैवान अशा देशांतली. आपल्या देशातली शाळा त्यात नव्हती हे खरं, पण मुलं मुलंच असतात. त्यात दिसलं की मुलांना माहिती वाढली, काय करायचं ते कळलं, काही चाचण्यांमध्ये सहा महिन्यांनी तपासलं तेव्हाही आठवत होतं, आणि तासामुळे मुलांची भीती किंवा चिंता वाढल्याचं दिसलं नाही. अत्याचार प्रत्यक्षात किती कमी झाले हे मात्र त्या चाचण्यांमधून सांगता आलेलं नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितेय, कारण तास घेतला म्हणजे मूल सुरक्षित झालं असं कोणी समजू नये.

घाबरवायचं की नाही हे सांगण्याच्या पद्धतीवर आहे. आपण समुद्राकाठची माणसं. भरतीला पाण्यात उतरायचं नाही, खाडीच्या तोंडाशी ओढ असते तिकडे जायचं नाही, हे आपण पोराला चालायला लागल्यापासून सांगतो आणि तरी ते पोर वाळूत दिवसभर खेळतं, समुद्राचा धसका घेऊन घरात बसत नाही. कारण आपण ते जेवताखाता, सहज सांगतो. हेही तसंच सांगायचं. बागुलबुवा, पोरं पळवणारी टोळी, व्हॉट्सअपवर फिरणारे व्हिडिओ, हे मुलापुढे काढलं तर मात्र मूल घाबरणारच.

आता जो भाग सगळ्यात जड आहे आणि ज्यावर सभेत कोणालाच बोलायचं नसतं त्यावर जरा जास्त लिहिते. आपल्याला वाटतं धोका बाहेरच्यापासून. बागेत कामाला आलेला माणूस, बोटीवरचा परप्रांतीय खलाशी, फेरीवाला, पर्यटक. अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नको एवढं सांगितलं की आपलं काम झालं. पण आकडे वेगळंच सांगतात. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत अभ्यास केला, १२,४४७ मुलांशी बोलून. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी सांगितलं की कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास आपल्याला झालाय, आणि त्रास देणाऱ्यांमध्ये निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा ज्यांच्यावर मुलाने विश्वास टाकावा असे होते. बहुतेक मुलांनी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. पोलिसात नोंद होणारी प्रकरणं बघितली तर चित्र आणखी स्पष्ट दिसतं, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत पॉक्सोखालच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालच्या, बलात्काराच्या गुन्ह्यांमध्ये दहापैकी नऊहून जास्त वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचाच निघतो. शेजारी, नातेवाईक, घरी येणंजाणं असणारा कोणीतरी.

आणि हे एकदम होत नाही. असा माणूस आधी घरच्यांचा विश्वास कमावतो. अडीनडीला धावून येतो, पोराला दुकानात नेतो, गाडीवरून फिरवतो, मोबाईलवर गेम लावून देतो. मग एखादी छोटी गोष्ट गुपित म्हणून ठेवायला सांगतो, हे चॉकलेट दिलं ते आईला सांगू नको हां. मूल गप्प बसलं की त्याला कळतं की हे मूल गप्प बसतं. मग मस्करीत गुदगुल्या, मग पुढचं. आणि मग सांगितलंस तर तुलाच मारतील, तुझ्याच आईला त्रास होईल. म्हणून तासात गुपितावर एवढा जोर असतो. मुलांना मी असं सांगते की ताईच्या वाढदिवसाला काय आणलंय ते लपवलं तर ती गंमत, कारण ती संध्याकाळी सगळ्यांना कळणारच असते. जे कधीच कोणाला सांगायचं नाही असं मोठं माणूस सांगतं ते गुपित ठेवायचं नाही, मग ते चॉकलेटचं का असेना. घरीही हा एक नियम पाळा, आमच्या घरात मोठ्यांची गुपितं लहानांनी सांभाळायची नाहीत. म्हणजे आजोबांनी गुपचूप लाडू दिला तरी उघडपणे द्यायचा. ऐकायला जाच वाटतो, पण असल्या बारीक गोष्टीतूनच मुलाला कळतं की आपण सगळं सांगू शकतो.

गणपतीत आपल्याकडे घरं भरतात. चाकरमानी येतात, त्यांचे मित्र येतात, भजनाला मंडळी येतात, रात्री उशिरा आरत्या आणि फुगड्या चालू, पोरं दमून माजघरात एका सतरंजीवर ओळीने झोपतात आणि कोणाच्या बाजूला कोण येऊन पडलं हे बायकांना वाटपाचं आणि मोदकांचं बघता बघता कळतही नाही. शिमग्यात पालखीच्या मागे पोरं घरोघर फिरतात. हे सगळं बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये, पोरांचं अर्धं बालपण त्यातच आहे. पण झोपायची जागा आधी ठरवा, लहान पोरं आईच्या नाहीतर आजीच्या बाजूला, तिथला एक दिवा चालू ठेवा, आणि पोर म्हणालं की मी अमक्याच्या शेजारी झोपणार नाही तर सगळ्यांदेखत का का विचारू नका, जागा बदला, कारण नंतर एकटं असताना विचारा. तारकर्ली-देवबागकडे ज्यांचे होमस्टे आहेत त्यांना वेगळं सांगते, गेस्टच्या रूममध्ये चहा, टॉवेल द्यायला लहान पोराला एकटं पाठवू नका. तो गेस्ट वाईट आहे म्हणून नाही, हा घरचा नियम म्हणून. नियम सगळ्यांना सारखा असला की कोणाचा अपमान होत नाही.

यावरून पुढचा प्रश्न येतो, तो संस्काराचा. मूल उद्धट होईल, मोठ्यांना नाही म्हणेल, आत्या एवढ्या लांबून आली आणि पापी देत नाही म्हणजे काय. खरं सांगू का, पापी देणं हा संस्कार कधीच नव्हता. नमस्कार हा संस्कार आहे, पाणी आणून देणं, या बसा म्हणणं हा संस्कार आहे, आणि ते सगळं मुलाने करावंच. पण नको असताना ओढून मांडीवर घेतलं, गालगुच्चे घेतले, रडलं तरी सोडलं नाही आणि आईच वर म्हणाली की असं नाही करायचं काकांना राग येईल, तर मुलाने काय शिकायचं? की माझं नको हे मोठ्यांच्या रागापुढे चालत नाही. मग तोच मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या वेळी नाही कसं म्हणणार. आत्याला आपण सांगावं, आत्ता लाजतोय, खेळायला लागला की येईल जवळ. माझ्या अनुभवाने आत्यांना ते पटतं, थोडं रुसून का होईना.

मुलग्यांच्या आईवडिलांना हा तास आपल्यासाठी नाही असं वाटतं. सभेला मुलींच्या आया येतात आणि मुलग्यांचे घरचे म्हणतात आमचा मुलगा आहे, आम्हाला कसली भीती. वर सांगितला त्याच सरकारी अभ्यासात, त्रास झालेल्या मुलांमध्ये ५२.९४ टक्के मुलगे होते. अर्ध्याहून जास्त. आणि मुलगे सांगत नाहीत, कारण रडतोस काय बायकांसारखा हे त्यांनी ऐकलेलं असतं आणि लोक हसतील याची भीती असते. पॉक्सो कायद्यात मूल म्हणजे अठरा वर्षांच्या आतलं कोणीही, मुलगा मुलगी असा फरक नाहीच.

शिक्षकांची आणि खासकरून गुरुजींची वेगळी काळजी असते, ती ते पालकांपुढे बोलत नाहीत पण मला माहीत आहे. आपल्याकडे कितीतरी शाळा दोन शिक्षकी, पट कमी, पोर पडलं तर उचलायचं कोणी, पहिलीतल्या मुलाने चड्डीत शू केली तर बदलायची कोणी. उद्या पोराने काहीतरी उलटसुलट सांगितलं तर नोकरी जाईल आणि अब्रूही. पालकांनाही वाटतं की मूल खोटं बोललं आणि एखादा चांगला माणूस अडकला तर. यावर माझं मत असं की उघडेपणा हाच गुरुजींचा बचाव आहे. दार उघडं ठेवायचं, मुलाला एकट्याला वर्गात थांबवून ठेवायचं नाही, कपडे बदलायची वेळ आली तर पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना किंवा घरच्यांना बोलवायचं आणि ते त्याच दिवशी आईला फोन करून सांगायचं. कायद्यातही दोन्ही बाजूंचा विचार आहे. द्वेषाने, मुद्दाम कोणाला अडकवायला खोटी तक्रार केली तर मोठ्या माणसाला शिक्षा आहे, मुलाला नाही, आणि चांगल्या हेतूने माहिती दिली पण ती पुढे सिद्ध झाली नाही तर माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. मूल जे म्हणालं ते खरं का खोटं हे ठरवायचं काम आपलं नाहीच, ते तपासणाऱ्यांचं आहे.

तासानंतर मूल घरी भावंडाबरोबर डॉक्टर-डॉक्टर खेळायला लागलं, किंवा तुझी शूची जागा वेगळी का असं विचारलं, की काही आया घाबरून शाळेत फोन करतात. चार ते सहा वर्षांच्या मुलांत हे कुतूहल तास न घेताही असतं. ओरडू नका, कपडे घाला आणि ही खासगी जागा असते असं साधेपणाने सांगून दुसऱ्या खेळात घाला. काळजी तेव्हा करायची जेव्हा त्यात जबरदस्ती असते, वयात फार फरक असतो, किंवा मुलाला त्याच्या वयाला माहीत असू नये असं काही ते करतं किंवा बोलतं.

पालकांची एक काळजी मात्र मला शंभर टक्के मान्य आहे, की शिकवणारं कोण आहे आणि कसं शिकवतंय. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतलं प्रकरण झालं, चार वर्षांच्या दोन मुली, लोकांनी रेल्वे अडवली, त्यानंतर शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत असायची ती सखी सावित्री समिती या सगळ्याबद्दल शासनाने नव्याने बजावलं आणि हे तासही ठिकठिकाणी घाईघाईत सुरू झाले. घाईतला तास वाईट होऊ शकतो. शंभर पोरं एका हॉलमध्ये बसवून कोणीतरी पाऊण तास भाषण केलं, फोटो काढले आणि गेले, याचा उपयोग नाही. सगळ्यांसमोर कोणाबरोबर असं झालंय हात वर करा असं विचारणं तर घातकच, मूल तिथे बोललं तर दुपारपर्यंत अख्ख्या वाडीत होतं. आणि तक्रारपेटीचं म्हणाल तर पहिलीतल्या पोराला अजून धड लिहिता येत नाही, त्याची पेटी म्हणजे त्याच्या बाईच. म्हणून शाळेला विचारा, काय दाखवणार ते आधी आम्हाला दाखवाल का, तास कोण घेणार, आमच्या वर्गाच्या बाई तिथे असणार का, वर्षातून एकदाच की परत परत, एखादं मूल तासानंतर येऊन काही बोललं तर तुम्ही पुढे काय करणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शाळेकडे नसेल तर तास पुढे ढकला म्हणून सांगायचा तुम्हाला हक्क आहे. ज्या मुलांना बोलता येत नाही, ऐकू येत नाही, समज कमी आहे त्यांचं काय हेही विचारा, त्यांना हे चित्रांनी, बाहुलीने, सावकाश शिकवावं लागतं आणि त्यांना दुसऱ्याकडून आंघोळ-कपडे करून घ्यावे लागतात म्हणून धोका जास्त असतो.

घरी वेगळं काही लागत नाही. भात कालवता कालवता असेल, एसटीची वाट बघताना असेल, तर काय करशील असा खेळ खेळायचा. कोणी म्हणालं मोबाईल देतो पण दार लावून घे, तर काय करशील? काका म्हणाले आईने तुला घ्यायला पाठवलंय, तर? मूल चुकीचं उत्तर देईल, देऊ दे, पुन्हा खेळा. वडील मुंबईला किंवा बोटीवर असतील तर व्हिडिओ कॉलवर त्यांनीही खेळावं, कारण मुलाला कळलं पाहिजे की हे बाबांशीही बोलता येतं.

आता समजा मूल येऊन काही बोललंच. ते नीट बसून सांगणार नाही. भांडी घासताना, झोपताना, अर्धवट, मला त्या दादाकडे शिकवणीला जायचं नाही एवढंच म्हणेल. पोट दुखतं म्हणेल, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होईल, एखाद्याच घरी जायला रडेल. यातल्या कशालाही दुसरी कारणं असू शकतात आणि कितीतरी मुलांत काहीच दिसत नाही, म्हणून लक्षणं शोधत बसण्यापेक्षा मूल बोलेल तेव्हा हातातलं काम ठेवून ऐकणं जास्त कामाचं. ऐकताना चेहरा शांत ठेवायचा, फार अवघड आहे पण ठेवायचा. बरं झालं सांगितलंस, तुझी चूक नाही, मी आहे. बस. परत परत उलटतपासणी नको, त्याने इथे हात लावला का असले प्रश्न तोंडात घालू नका, मुलाचे स्वतःचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. आणि तू ओरडली का नाहीस, शाळेत शिकवलं होतं ना, असं चुकूनसुद्धा म्हणू नका. मोठं माणूससुद्धा अशा वेळी थिजून जातं. नाही म्हणायला शिकवलं याचा अर्थ नाही म्हणायची जबाबदारी मुलावर टाकली असा होत नाही. जबाबदारी हात लावणाऱ्याची, आणि त्यानंतर आपली.

नुकतंच घडलं असेल तर कपडे धुऊ नका, आंघोळ घालू नका, थेट दवाखान्यात न्या. तक्रार नोंदली नसली तरी वैद्यकीय तपासणी होऊ शकते, मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते, आई किंवा मुलाचा विश्वासाचा माणूस सोबत राहू शकतो, आणि उपचार सरकारी काय खासगी काय कुठल्याही हॉस्पिटलने मोफत द्यायचे असतात. फोन करायचा तर १०९८, मुलांची हेल्पलाइन, चोवीस तास आणि फुकट, किंवा ११२, पोलिसांना तातडीने बोलवायचा नंबर. गावात अंगणवाडी सेविका, आशाताई, पोलीस पाटील आहेत, सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समितीही असायला हवी, नसेल तर ग्रामसभेत विचारा. जिल्हा बाल संरक्षण कक्ष जिल्ह्याच्या ठिकाणी असतो, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गासाठी ओरोसला, रत्नागिरीवाल्यांना रत्नागिरीत, रायगडवाल्यांना अलिबागला.

इथे येऊन बहुतेक घरं थांबतात. दोन्ही घरं एकाच वाडीतली, भाऊबंद, देवळाचा मान एकत्र, मग वाडीची बैठक बसते आणि म्हणतात पोलिसात कशाला, त्याला समज देऊ, पाया पडायला लावू, मुलीच्या नावाचा प्रश्न आहे. हे मला अगदी कळवळून सांगायचंय की हे करू नका. समज दिलेला माणूस दुसऱ्या पोराकडे वळतो आणि तक्रार केलेलं पोर रोज त्याला देवळापाशी बघतं. आणि कायद्याने हा अधिकार गावकीला नाहीच. पॉक्सो २०१२ चा कायदा, त्यात माहिती असलेल्या प्रत्येक माणसाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचं झाकलं तर एक वर्षापर्यंत. म्हणजे शाळेची बदनामी नको म्हणून मिटवणारे मुख्याध्यापकही त्यात येतात. मुलाचं नाव, फोटो, घर, शाळा, ओळख पटेल असं काहीही छापणं किंवा दाखवणं हा गुन्हा आहे, म्हणून गावच्या ग्रुपवर न्याय मिळालाच पाहिजे म्हणून फोटो टाकणाऱ्यांनीही हात आवरावा. वाडीत कुजबुज होणार, ती कायद्याने थांबत नाही. पण कुजबुज मिटवलं तरी होते.

आणि ज्या आया म्हणतात की पोराला पोलीस ठाण्यात आणि कोर्टात उभं करतील, त्यांनी हे वाचा. मुलाचा जबाब घरी किंवा मूल म्हणेल त्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने, उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या, गणवेश न घालता, आईवडिलांच्या किंवा विश्वासाच्या माणसाच्या समोर. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. चोवीस तासांत पोलिसांनी बाल कल्याण समितीला, म्हणजे मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीला, कळवायचं असतं. विशेष न्यायालयात मुलाला आरोपी समोर दिसणार नाही अशी सोय करायची, परत परत बोलवायचं नाही, वकिलाने प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि न्यायाधीशांनी मुलाला विचारायचे. कागदावरचं सगळं प्रत्यक्षात दर वेळी होतंच असं नाही, म्हणून ते आपल्याला माहीत हवं, मागता येतं. आणि एक सपोर्ट पर्सन मिळतो, म्हणजे पोलीस ठाण्यापासून कोर्टाच्या निकालापर्यंत मुलाच्या आणि घरच्यांच्या सोबत राहणारा, पुढची तारीख काय, काय चाललंय हे समजावून सांगणारा माणूस, तो २०२० च्या नियमांप्रमाणे बाल कल्याण समिती नेमून देते. बऱ्याच घरांना हे कोणी सांगतच नाही. आपणहून दिला नाही तर समितीकडे साध्या कागदावर अर्ज करून मागा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.